इंदूरची मोफत एआरटी सेवा, आफ्रिकेतल्या मापाने तपासलेली

खरगोन-खंडव्याकडची पहाटेची बस धरून इंदूरच्या सरवटे स्टँडवर उतरणाऱ्या माणसाला एआरटी केंद्रातली, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, गोळी फुकट मिळते. जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि दुपारचं खाणं त्याच्याच खिशातून जातं. शिवाय घरी आणि मालकाकडे "इंदूरला कशाला?" याचं उत्तरही त्यालाच तयार ठेवावं लागतं. एचआयव्हीच्या मोफत उपचारसेवेचं परीक्षण लिहायचं तर हिशेब इथून सुरू व्हायला हवा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. औषध उत्तम. रक्ततपासणीची पद्धत भरवशाची. समुपदेशन केंद्रागणिक बदलणारं. आणि सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्ट आल्यापासून त्यावर कुणीतरी काहीतरी करेपर्यंत जाणारे दिवस.

हे परीक्षण कोणा एका इस्पितळाचं नाही. नॅको या केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमाखाली देशभर जी सेवा चालते ती माळवा-निमाडच्या रुग्णाला इंदुरात कशी वापरता येईल, तिच्याकडून काय मागता येईल आणि कुठे डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल, एवढाच आवाका. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला आठ सरकारी केंद्रांतून सुरू झाली. तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी) कितीही असो, उपचार सुरू करायचा, हे धोरण २०१७ मध्ये आलं. माप मात्र आम्ही आफ्रिकेतलं घेतलं आहे. मलावी, मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना या देशांनी डॉक्टर कमी आणि प्रयोगशाळा त्याहून कमी असताना लाखो लोकांना गोळी दिली, आणि वाटेत काय मोडलं तेही मोजून जगासमोर ठेवलं. तिकडे जाणाऱ्या गोळ्यांत मोठा वाटा भारतीय कारखान्यांचा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एमएसएफ या वैद्यकीय संघटनेला तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा मूळ कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. गोळी इथून तिकडे गेली. ती माणसापर्यंत नीट पोचवायची रीत तिकडून इथे यावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तपासणीबद्दल फार तक्रार नाही. सरकारी केंद्रात एचआयव्ही पॉझिटिव्ह असं सांगण्याआधी रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासतात. पहिलं किट निगेटिव्ह आलं तर तिथेच थांबतात, पॉझिटिव्ह आलं तर दुसरं लावतात, मग तिसरं. तिन्ही किटांची घडण वेगळी असल्यामुळे एका किटला फसवणारं रक्त तिघांनाही फसवेल ही शक्यता फार कमी उरते. घोटाळा होतो तो बाहेर. ऑपरेशनच्या आधी खासगी लॅबमध्ये एकाच किटवर रक्त तपासलं जातं आणि तो कागद तसाच नातेवाइकांच्या हातात पडतो. असा कागद हाती आला तर घाबरून जाऊ नका आणि तो अंतिमही धरू नका, सरकारी केंद्रात पुन्हा तपासून घ्या. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर किट निगेटिव्ह दाखवू शकतं, म्हणून धोका अलीकडचा असेल तर समुपदेशकाला तारखेसकट सांगा. तो पुन्हा कधी यायचं ते सांगेल. संमतीशिवाय तपासणी करणं किंवा निकाल दुसऱ्याला सांगणं कायद्याने बंद आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. हे केंद्रातल्या भिंतीवर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं, आणि ज्या केंद्रात खिडकीतून नावाने हाक मारतात तिथे रुग्णांनी टोकन नंबर मागावा. सरवटेला एकाच बसने उतरलेले दोन गाववाले एकाच बाकावर बसलेले असू शकतात.

पहिल्या बाटलीबाबत मलावीचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. सीडी४ मोजायची यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून त्या देशाने २०११ मध्ये ठरवलं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्ह बाईला सीडी४ न बघता जन्मभराचा उपचार द्यायचा. एका तिमाहीत उपचार सुरू करणाऱ्या अशा बायका १,२५७ होत्या, सव्वा वर्षात त्या १०,६६३ झाल्या. पण मागोमाग दुसरा आकडा आला. आजारी पडल्यावर उपचार सुरू करणाऱ्या बायकांशी तुलना केली, तर गरोदरपणात सुरू करणाऱ्या बायका पहिल्या भेटीनंतर परतच न येण्याचं प्रमाण पाचपट होतं. कारण समजायला सोपं आहे. जी अंथरुणाला खिळली आहे तिला गोळीने बरं वाटतं आणि ती परत येते. जी धडधाकट आहे, तपासणीला म्हणून आली, आणि तासाभरात निकालही ऐकला, जन्मभराची बाटलीही हातात घेतली, तिला घरी जाऊन नवऱ्याला आणि सासूला काय सांगायचं हेच ठरवता आलेलं नसतं. केपटाउनला २००१ मध्ये सुरू झालेल्या मदर्स टू मदर्स या संस्थेने याच अडचणीवर काम केलं. स्वतः पॉझिटिव्ह असलेली, बाळंतपणातून गेलेली बाई पगारावर ठेवायची आणि नव्या आईला तिच्याजवळ बसवायचं, ही त्यांची रीत.

म्हणून त्याच दिवशी उपचार सुरू करायला आमचा विरोध नाही, पण बाटली देण्याआधी चार गोष्टी व्हायलाच हव्यात. खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं हे टीबीचे चार प्रश्न विचारायचे. डोकं सतत दुखतं का, हे विचारायचं. कारण मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस ही बुरशी असेल तर एआरटी लगेच सुरू करणं जिवावर बेततं. आधी बुरशीचा इलाज, आणि चार ते सहा आठवड्यांनी एआरटी. तिसरं, रुग्णाने दिलेल्या मोबाइल नंबरवर तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन बघायचा आणि दुसरा एक नंबर घ्यायचा, तोही "फोन कुणी उचलला तर काय सांगायचं" हे रुग्णाला विचारून. चौथं, पुढची तारीख महिन्याची न देता पंधरा दिवसांची द्यायची. पहिल्या पंधरवड्यातच झोप उडते, डोकं जड होतं, शंका येतात, आणि बाटली कपाटाच्या मागे जाते.

आता गोळी. पहिल्या ओळीच्या, म्हणजे सुरुवातीला देतात त्या, उपचारात टीएलडी नावाची एकच गोळी रोज एकदा घ्यायची असते: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या, चालते. झोप उडत असेल तर सकाळी घ्या. एक वेळ चुकली तर आठवताच घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. पूर्वीच्या नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झच्या तुलनेत विषाणू लवकर दबतो, आणि डोल्युटेग्राविरला प्रतिकार तयार होणं बरंच अवघड. उत्पादन म्हणून या गोळीला आमच्याकडून पूर्ण गुण.

पण गोळी चांगली असून ती अंगी न लागण्याची कारणं आहेत, आणि औषधखिडकीवर ती फार घाईत सांगितली जातात. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात. गरोदर बाईला आंगणवाडीतून आणि दवाखान्यातून नेमक्या याच दोन गोळ्या मिळतात. तिने तिन्ही गोळ्या रिकाम्या पोटी सोबत घेतल्या तर विषाणूवरचं औषध अर्धवटच रक्तात जातं. एक तर तिन्ही भरल्या पोटी जेवणाबरोबर घ्यायच्या, नाहीतर टीएलडी आधी आणि दोन तासांनी लोह-कॅल्शियम. लोह आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या पातळ औषधाला जेवणाचीही सवलत नाही. तिथे दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच नियम. टीबीचा रिफॅम्पिसिन चालू असेल तर टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते, आणि टीबीचं औषध संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबीचं औषध एका खिडकीतून आणि एआरटी दुसऱ्या खिडकीतून मिळतं, म्हणून ही जादा गोळी मधल्या मध्ये गळून पडते. रुग्णाने स्वतःहून विचारावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. फिट्सच्या काही जुन्या औषधांशीही डोल्युटेग्राविरचं जमत नाही. टेनोफोविरमुळे किडनीवर नजर ठेवावी लागते, म्हणजे क्रिएटिनिन वेळच्या वेळी तपासायचं. आणि टेनोफोविर-लॅमिवुडिन ही जोडी हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवते. ज्याला दोन्ही आहेत त्याने गोळी मनाने बंद केली तर लिव्हरला अचानक सूज येऊ शकते. म्हणून सुरुवातीलाच हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का, हे रुग्णाकडे असणाऱ्या हिरव्या पुस्तिकेत बघून घ्या.

बाटलीबद्दलही दोन शब्द. आत दमट हवा शोषणारी छोटी पुडी असते, ती फेकायची नसते. निमाडात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात चाळीसच्या वर तापतं. बाटली पत्र्याजवळ, खिडकीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नये. घरातली कोरडी, सावलीची जागा बरी. बरेच जण लेबल दिसू नये म्हणून गोळ्या कागदात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवतात. आफ्रिकेतही हेच आढळलं, आणि तिथे बाटली हलली की होणारा खडखडाटसुद्धा लोकांना नको असतो. लेबल खरडून काढा, वर कापूस भरा, पण गोळ्या पुडीसकट त्याच बाटलीत राहू द्या.

या गोळीच्या बाबतीत बोत्सवानाचं ऋण मोठं आहे. तिथे त्सेपामो नावाची नोंदणी चालते. मोठ्या इस्पितळांतल्या बाळंतपणांत प्रत्येक बाळ तपासून त्याची नोंद होते. २०१८ मध्ये तिथून इशारा आला की गर्भ राहताना डोल्युटेग्राविर घेणाऱ्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मेंदू-मज्जारज्जूचा जन्मजात दोष होता. लगेच अनेक देशांनी तरुण बायकांना हे औषध देणं थांबवलं. बोत्सवानाने नोंदणी मात्र थांबवली नाही. हजारो बाळंतपणांची भर पडल्यावर ते प्रमाण खाली आलं, इतर औषधांवरच्या बायकांच्या जवळपास पोचलं, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बायकांसह सर्वांसाठी हेच औषध पुढे केलं. नोंदवही नीट भरली नसती तर भीती तशीच राहिली असती आणि बायकांना कमी दर्जाचं औषध घेत बसावं लागलं असतं. जोहान्सबर्ग आणि कॅमेरूनमधल्या चाचण्यांनी वजन वाढण्याकडेही लक्ष वेधलं. म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून व्हाइट कार्डवर (केंद्रातल्या रुग्णाच्या नोंदपत्रावर) आकडा लिहिणं हे सोपस्कार म्हणून उरकायचं काम नव्हे. वजन घटलं तर टीबी, वाढत गेलं तर साखर, दोन्हींची पहिली खूण तिथेच दिसते.

पुढच्या बाटल्यांकडे वळू. स्थिर रुग्णाला दर महिन्याला बोलावण्यात कुणाचंच भलं नाही. केपटाउनजवळच्या खयेलित्शात २००७ पासून पंचवीस-तीस रुग्णांचे क्लब चालले. दर दोन महिन्यांनी एकत्र जमायचं, आरोग्य कार्यकर्ती वजन करणार, त्रास विचारणार, आधीच नाव घालून बांधलेली औषधं वाटणार. कुणाला त्रास असेल तर नर्सकडे, बाकीचे घरी. चाळीस महिन्यांनी क्लबमधले ९७ टक्के उपचारात टिकून होते, दवाखान्यातच राहिलेल्यांपैकी ८५ टक्के. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ मध्ये त्याहून साधी रीत निघाली: गावातल्या सहा जणांपर्यंतचा गट, दर महिन्याला त्यातला एक जण सगळ्यांच्या गोळ्या आणतो, म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण सहा महिन्यांनी येते आणि त्याच वेळी त्याची तपासणीही होते. पहिल्या अहवालात गटांत राहिलेल्या १,३०१ जणांपैकी केवळ दोघे हरवले होते. हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवं की दोन्ही ठिकाणी आधीपासून स्थिर असलेले, आपणहून आलेले लोक होते. नुकतंच औषध सुरू झालेल्याला गटात ढकलून तो निकाल मिळणार नाही.

इंदूरच्या रुग्णाने काय मागावं? सहा महिन्यांच्या वर औषध घेतलं असेल, व्हायरल लोड दबलेला असेल आणि दुसरा आजार नसेल, तर तीन महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात. आपल्या जिल्ह्यात एआरटी केंद्र किंवा लिंक एआरटी केंद्र (मुख्य केंद्राला जोडलेलं, औषध देणारं छोटं केंद्र) असेल तर तिथे बदली मागावी. बदलीचा कागद हातात घेऊन, मधल्या काळाची बाटली घेऊनच निघावं. दोन केंद्रांच्या मध्ये माणसं हरवतात. लग्न-मुंजीला किंवा मजुरीला महाराष्ट्रात जायचं असेल तर आधी सांगावं. नवरा-बायको दोघं उपचारावर असतील तर एकाने दोघांचं औषध न्यावं आणि पाळी आलटून-पालटून घ्यावी.

इथे केंद्राच्या बाजूचीही अडचण सांगितली पाहिजे, कारण तीन महिन्यांच्या वाटपाला नकार बऱ्याचदा साठ्यामुळे येतो. समजा, ९०० स्थिर रुग्ण आहेत आणि महिन्याला ९०० बाटल्या लागतात. सगळ्यांना एकाच महिन्यात तीन-तीन बाटल्या द्यायच्या ठरवल्या तर त्या महिन्यात २,७०० लागतील, रॅक रिकामा होईल, आणि नव्या रुग्णाला द्यायला बाटली उरणार नाही. त्याऐवजी दर महिन्याला ३०० जणांना नव्या पद्धतीत घ्यावं. पहिल्या महिन्यात ३०० जणांना तीन-तीन आणि ६०० जणांना एक-एक, म्हणजे १,५००. दुसऱ्या महिन्यात १,२००. तिसऱ्यात ९००, आणि पुढे कायम ९००. एकूण ९०० बाटल्या जादा लागल्या, पण दोन महिन्यांत वाटून, आणि त्यांची मागणी तीन-चार महिने आधी कळवता येते. खिडकीवरची रोजची रांग तिसऱ्या महिन्यापासून एक तृतीयांशावर येते. वाचलेल्या वेळात फार्मासिस्टने लोह-कॅल्शियमचं नीट समजावून सांगावं, हीच आमची अपेक्षा.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा व्हायरल लोड. तपासणी सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १,००० किंवा त्याहून जास्त प्रती आढळल्या तर धोक्याची घंटा. सापडेनाशा झाल्या तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य समुपदेशकाने प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. कित्येक जोडप्यांचा संसार त्यावर उभा राहतो. मोफत व्हायरल लोड हा या सेवेचा फार मोठा गुण आहे. बाजारात त्याला हजारांत पैसे पडतात.

मग चुकतं कुठे? रक्त घेतलं की नळी ठरलेल्या तासांच्या आत फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. उशीर झाला, लेबल पुसलं, गाडी चुकली की नमुना बाद होतो आणि रुग्णाला ते पुढच्या भेटीतच कळतं. नमुना पोचला, रिपोर्ट आला, तरी तो फाइलला लागून राहतो, कारण रुग्ण येणार तीन महिन्यांनी. मग सांगितलं जातं, समुपदेशन सुरू होतं. नियमाप्रमाणे तीन महिने समुपदेशन, मग पुन्हा नमुना, पुन्हा वाट, आणि तरीही वाढलेला असेल तर राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे दुसऱ्या ओळीसाठी, म्हणजे बदललेल्या औषधांसाठी. प्रत्येक टप्प्यावर थोडा-थोडा उशीर, आणि बेरीज वर्षाच्या घरात जाते. एवढा काळ विषाणू अंगात मोकाट. डरबनमध्ये ३९० रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांचं व्हायरल लोड दवाखान्यातच, त्याच भेटीत काढलं आणि बरीच कामं वरच्या दर्जाच्या नर्सऐवजी कनिष्ठ नर्सकडे सोपवली. वर्षाने त्या गटातले ९० टक्के उपचारात टिकून, विषाणू दबलेले होते. नेहमीच्या पद्धतीत ७६. फरक निव्वळ यंत्राचा नव्हता. रुग्ण समोर बसलेला असताना निकाल हातात होता आणि त्यावर बोलायला माणूसही होता.

आपल्याकडे प्रत्येक केंद्रात तसं यंत्र लगेच येणार नाही, पण एक वही लगेच सुरू करता येते. ज्यांचा व्हायरल लोड १,००० च्या वर आला त्यांचीच वही, आणि प्रत्येक नावापुढे सहा तारखा: नमुना घेतला, रिपोर्ट आला, रुग्णाला सांगितलं, पहिलं समुपदेशन, दुसरा नमुना, अंतिम निर्णय. सोमवारी सकाळी ती वही उघडून कुठला रकाना रिकामा आहे ते बघायचं आणि त्या दिवशीच फोन करायचा. दर तिमाहीला दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतलं अंतर मोजायचं. ते दोन आठवड्यांच्या वर असेल तर बाकी सगळे तक्ते बाजूला ठेवून आधी तेवढंच दुरुस्त करायचं.

समुपदेशनात काय विचारावं यातही दर्जाचा फरक दिसतो. "गोळ्या नीट घेता ना?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. बाटली मागून गोळ्या मोजाव्यात. ३० गोळ्यांची बाटली देऊन २८ दिवसांनी बोलावलं तर २ उरायला हव्यात. ४ उरल्या तर २८ पैकी २६ घेतल्या, म्हणजे ९३ टक्के. ९५ च्या खाली आलं की कारण शोधायचं. एकही उरली नसेल तरी विचारायचं, कारण घरातल्या तपासणी न केलेल्या माणसाला त्यातून गोळ्या जात असण्याची शक्यता असते. गोळ्या बरोबर मोजल्या गेल्या आणि तरी व्हायरल लोड वाढलेला, तर आधी लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध, टीबीचं औषध हे विचारायचं, मग प्रतिकाराचा संशय. दारू, रात्रपाळी, घरात लपवावं लागणं, हे प्रश्न बायकोसमोर किंवा सासूसमोर नाहीत, दार लावून विचारायचे. दार नसलेल्या खोलीत समुपदेशन चालत असेल तर आमच्या मते ती सेवा नापास.

सीडी४ आता कशाला, असं वाटण्याचा धोका आहे. उपचार सगळ्यांना लगेच मिळतो हे खरं, पण कोण मरणाच्या दारात आहे हे सीडी४च सांगतो. युगांडा, झिंबाब्वे, मलावी आणि केनियात सीडी४ १०० च्या खाली असलेल्या १,८०५ जणांवर रिअ‍ॅलिटी नावाची चाचणी झाली. एआरटीबरोबर कोट्रायमॉक्साझोल सगळ्यांनाच होतं. निम्म्यांना त्याशिवाय, इतर जंतुसंसर्ग टाळण्यासाठी, आयसोनियाझिड, बारा आठवडे फ्लुकोनॅझोल, पाच दिवस ॲझिथ्रोमायसिन आणि जंताची एक गोळी दिली. चोवीस आठवड्यांत मरणाऱ्यांचं प्रमाण १२.२ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आलं. या सगळ्या स्वस्त गोळ्या. म्हणून पहिल्या भेटीत सीडी४ चा नमुना घेतला का, २०० च्या खाली असेल तर रक्तात क्रिप्टोकॉकसची तपासणी झाली का आणि टीबीचा शोध घेतला का, हे तीन प्रश्न रुग्णाच्या माणसाने बेधडक विचारावेत. आणि यंत्र बंद आहे म्हणून उपचार थांबवू देऊ नये. युगांडा-झिंबाब्वेतल्या डार्ट चाचणीत नियमित प्रयोगशाळा तपासण्यांसह पाच वर्षांनी ९० टक्के जगले, तर प्रामुख्याने लक्षणांवर नजर ठेवून ८७ टक्के.

बाळांचं थोडक्यात. पॉझिटिव्ह आईच्या बाळाच्या टाचेतून सहाव्या आठवड्यात कागदावर रक्ताचे थेंब घेऊन नमुना पाठवतात, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असल्याने साधं किट दीड वर्षापर्यंत फसवतं. उशीर इथे सगळ्यात महाग पडतो. मोझांबिकमध्ये दवाखान्यातच निकाल देणारं यंत्र ठेवलं तिथे लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास ९० टक्क्यांना साठ दिवसांत औषध सुरू झालं. नमुना दूर पाठवला तिथे १३ टक्क्यांनाच. नमुना दिल्यापासून चार आठवड्यांत निकाल आला नाही तर आईने बाळाला घेऊन पुन्हा उभं राहावं. अंगावर पाजणं आणि स्वतःची गोळी, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावं.

मलावीकडून घ्यावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे तिमाही भेट. आरोग्य खात्याचं पथक दर तीन महिन्यांनी प्रत्येक केंद्रात जायचं, रुग्णांची कार्डं स्वतः मोजायचं, रजिस्टरशी जुळवायचं आणि साठ्याचा हिशेब तिथेच पुरा करायचं. केंद्राने पाठवलेला आकडा आणि कार्डांतून निघालेला आकडा यांतला फरक तिथल्या तिथे समोर यायचा. आपल्याकडे संगणकावर माहिती भरली जाते हे सोयीचं आहे, पण व्हाइट कार्ड आणि पडदा यांचा ताळा कुणीतरी बसून घ्यायलाच हवा. नाहीतर मेलेला माणूस "हरवला" म्हणून आणि दुसरीकडे बदली झालेला "सोडून गेला" म्हणून वर्षानुवर्षं यादीत राहतो.

या सेवेची एक भक्कम बाजू सहसा ध्यानात येत नाही. आपला कार्यक्रम मुख्यतः केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली तेव्हा आफ्रिकेतले अनेक दवाखाने बंद पडले, आणि गावोगाव फिरून हरवलेल्या रुग्णाला परत आणणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नोकऱ्या आधी गेल्या. इंदूरच्या रुग्णाच्या गोळीवर ती तलवार नाही. खासगीत टीएलडी विकत घेता येते, पण समुपदेशन, टीबीची सांगड, जोडीदाराची तपासणी आणि दुसऱ्या ओळीची सोय यांसह एकत्र कुठे मिळत असेल तर ती सरकारी केंद्रातच. अडचण आली तर १०९७ हा मोफत नंबर आहे.

जाताना हिरवी पुस्तिका, बाटली उरलेल्या गोळ्यांसकट, चालू असलेल्या इतर सगळ्या औषधांच्या पट्ट्या आणि शेवटचा रिपोर्ट बरोबर न्या. आणि पुढची तारीख लिहिताना फार्मासिस्टकडे बघा. खिडकीशेजारी कालनिर्णय टांगलेलं असेल आणि तो पान उलटून रविवार, अनंत चतुर्दशीची झांकी, रंगपंचमीची गेर टाळून तारीख देत असेल, बाटलीतल्या दोन जादा गोळ्या संपायच्या आधीची तारीख देत असेल, तर समजा, त्याला तुमच्या बसचीही काळजी आहे.